कवा संपतंय लायसन?

"मास्तर, कवा संपतंय रं लायसन?"

पायरीखाली चपला काढून, पदराने कपाळ टिपत मावशी आत यायच्या आणि खुर्चीला टेकायच्या आधीच हा प्रश्न टाकायच्या. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात चपला कुणी काढत नाही. लोक चिखलाच्या बुटांनी थेट टेबलापर्यंत येतात. मावशींना किती वेळा सांगितलं, की हे काही देऊळ नाही. त्या म्हणायच्या, "असूं दे. कागदाचं काम हाय."

लायसन त्यांचं नव्हे. मावशींनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. लायसन होतं त्यांच्या मुलाचं, आणि मुलगा होता न्यूझीलंडात. मावशींकडे त्या लायसनची झेरॉक्स होती, घडीवर घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. ती माझ्यासमोर उलगडायच्या. मुदतीची तारीख मला पाठ होती, त्यांना तर होतीच. तरी मी सांगायचो, "अजून दोन वर्षं आहेत मावशी. काळजी करू नका."

"दोन वरीस," त्या बोटांची पेरं मोजत म्हणायच्या, आणि सोललेल्या वालाची पिशवी टेबलावर ठेवून निघायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कर्जत-खोपोलीकडची बरीच पोरं आता बाहेर आहेत. तिकडचं लायसन हातात पडलं तरी इथलं जिवंत ठेवायची त्यांची धडपड असते, कारण मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. त्यांचे आईबाप माझ्याकडे खेटे घालतात. मावशींना मी त्यातच धरलं होतं. पोराचं लायसन मरेल म्हणून बाईचा जीव टांगणीला लागलाय, असं मी खुशाल समजून बसलो होतो. पंचवीस वर्षं माणसांना आरशात बघायला शिकवणारा मी, मला समोरचं दिसलं नाही.

त्या पोराला गाडी मीच शिकवली. भिसेगावातलं त्यांचं घर, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक पोरगा. पहिल्या परीक्षेत तो रिव्हर्स घेताना घाबरला आणि नापास झाला. दुसऱ्या खेपेला मावशी स्वतः बरोबर आल्या. शिळफाट्यापलीकडच्या मैदानात आरटीओचा कँप होता. पोरगा गाडीत बसला, आणि कुंपणाबाहेरून आवाज आला, "हळू रं! हळू!" गाडी एका जागी उभी होती तरी.

साहेबांनी मान वर केली. "बाई, परीक्षा तुमची आहे का?"

"नाय साहेब. पोरगा माझा हाय."

साहेब हसले. पोरगाही हसला, त्याची भीती गेली आणि आठाचा आकडा त्याने झकास काढला. पुढे कित्येक दिवस मी शिकाऊ पोरांना "हळू रं" म्हणूनच चिडवत असे.

मग तो आखातात गेला, तिथून न्यूझीलंडला. लग्न तिकडेच, दोन मुलंही तिकडेच झाली. सुरुवातीला दोनदा आला. नंतर सात वर्षं आला नाही. कधी सुट्टी नाही, कधी मुलांची शाळा, कधी तिकीट महाग. पोरगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. दर रविवारी फोन करायचा. आणि आई फार मागे लागली की एकच गोष्ट नक्की सांगायचा, "लायसनच्या वेळी येतो ना आई. तेव्हा तर यावंच लागेल."

हे मला मावशींनीच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मुदत जवळ आली तशी त्यांनी दुसरी चौकशी सुरू केली. "मास्तर, आरटीओत किती दिस लागतात रं? पंधरा दिस?"

"कुठले पंधरा! आता सकाळी गेलं की दुपारी मोकळं."

"पयलं लय खेपा मारायला लावायचे."

"ते दिवस गेले मावशी."

"गेले व्हय," असं म्हणून त्या बराच वेळ भिंतीवरचा सिग्नलचा तक्ता बघत राहिल्या. आरटीओचं काम रेंगाळावं अशी इच्छा असलेली कर्जत तालुक्यातली ती एकमेव बाई असेल. मी मात्र आरटीओच्या कारभारात कशी सुधारणा झाली ते त्यांना वर्णन करून सांगत होतो.

मुदतीला काही महिने उरले असताना पोराचा मेसेज आला. "मास्तर, आता घरबसल्या नूतनीकरण होतं म्हणतात. माझं करून द्याल का? आधारला आईचा मोबाइल जोडलेला आहे. ओटीपी तिच्याकडे येईल." चाळिशीच्या आत होता, डॉक्टरचा दाखला लागणार नव्हता. फोटो, सही सगळं त्याने धाडलं. मला काय, हुरूपच आला. मी मावशींना फोन करून बोलावून घेतलं, पण कशाला ते सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारीला खूश करू.

त्या चपला काढून आत आल्या. मी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. त्यांच्या हातातला फोन वाजला.

"मावशी, सहा आकडे आले असतील. वाचा बघू."

त्यांनी फोन छातीशी धरला. "बँकेतल्या पोरीनं सांगितलंय, हे आकडे कुनालाच सांगायचे नाय."

"अहो, मी काय परका आहे? तुमच्याच पोराचं काम आहे."

पोराचं काम म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचू लागल्या. चार. नऊ. शून्य. मध्ये चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सहावा आकडा टाकून मी टेबलावर थाप मारली. "झालं!"

"काय झालं?"

"लायसनचं काम झालं, आता दहा वर्षं बघायला नको. नवं कार्ड पोस्टाने घरी येईल. बघा, तुमच्या हातून झालं."

"आनि तो?"

"त्याला कशाला त्रास? आता यायची काहीच गरज नाही."

हे वाक्य मी हसत बोललो. अजून ते माझ्या कानात आहे, माझ्याच आवाजात. मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, फोनकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "मास्तर, हे परत घेता येतं का रं?"

"काय परत घ्यायचं?"

"आकडं."

मला वाटलं, बँकेच्या भीतीने विचारतात. मी म्हणालो, "घाबरू नका मावशी, तुमच्या खात्याला काही होत नाही." त्यांनी मान हलवली. त्या दिवशी वालाची पिशवी टेबलावर न ठेवता तशीच हातात घेऊन गेल्या. पायरीवर चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला.

महिन्याभराने त्या कार्ड घेऊन आल्या. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. "हे तुझ्याकडंच ठेव," म्हणाल्या. मी चहा मागवला, तो घेतला नाही. मी चिडवायला म्हणून विचारलं, "काय मावशी, आज विचारत नाही, कवा संपतंय?"

"आता काय इचारायचं," त्या म्हणाल्या. "माज्या हयातीत नाय संपत ते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्चीतून उठलो, पण झालेलं नूतनीकरण मागे घ्यायचा अर्ज कुठल्याच खिडकीत मिळत नाही. मी त्या दिवशी पोराला मेसेज केला, "आई वाट बघते आहे. एकदा येऊन जा." उत्तर आलं, "नक्की मास्तर. पुढच्या वर्षी बघतो." आणि खाली नमस्काराचे हात.

त्यानंतर मावशी ऑफिसात आल्या नाहीत. बाजारात दिसल्या तर मीच रस्ता बदलायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. पोरगा पोहोचेपर्यंत पुतण्याने अग्नी दिला होता.

दहाव्याला मी भिसेगावात गेलो. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर तिथे नवीन बांधलेला संडास होता. आत पांढरा कमोड, झाकणावरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पुतण्या मागून आला. म्हणाला, "गेल्या साली बसवून घेतला काकूनं. दादा येनार हाय लायसनला, नातवंडांना खाली बसता येत नाय, म्हनली. सवता कदी वापरला नाय."

मी नळ सोडला आणि बराच वेळ नुसता हात पाण्याखाली धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पोरगा ऑफिसात आला. केस पांढरे व्हायला लागलेले. पायरीशी थांबून त्याने बूट काढले. आईने लावलेली सवय. अस्थी घेऊन हरिहरेश्वरला निघाला होता, पुतण्याची गाडी स्वतः चालवत. लायसनचं कार्ड माझ्याकडे आहे, हे पुतण्याने त्याला सांगितलं होतं. मी खणातून पाकीट काढून दिलं. त्याने ते फोडलं, फोटो पाहिला, पत्ता पाहिला. भिसेगाव, कर्जत.

"बरं झालं मास्तर, तुम्ही वेळेवर करून दिलंत," तो म्हणाला. "नाहीतर आज मी आईला नेऊ शकलो नसतो."

त्याने कार्ड खिशात ठेवलं. आत्ता सांगावं का, असं माझ्या मनात आलं. मावशींनी आकडे परत मागितले होते, हे सांगावं का? तोंडाशी आलेलं मी गिळलं. त्याला ते न्यूझीलंडपर्यंत नेता आलं नसतं.

मी त्याच्याबरोबर खाली उतरलो. लाल फडक्यात बांधलेला कलश त्याने शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. गाडी भिंतीला तोंड करून उभी होती, रिव्हर्स घेणं भाग होतं. त्याने आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, आणि एक्सलेटरवर पाय न देता तसाच बसून राहिला. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"हळू रं," मी म्हणालो. काचा बंद होत्या.