फोम गन आणि दहा गाड्यांची अट

१२ जानेवारीला मी दोन हजार एकशे चाळीस रुपयांची फोम गन घेतली. पावती फाइलला लावली आणि रविवारी सकाळी खाली उतरलो. बागेच्या नळीला गन जोडायची, तिच्या बाटलीत शाम्पू भरायचा आणि खटका दाबायचा. दोन मिनिटांत माझी काळी गाडी फेसाखाली दिसेनाशी झाली.

गॅलरीतून बायको म्हणाली, "हातासरशी सोफ्याचे अभ्रेही टाकू का खाली?"

शेजारी मात्र गंभीरपणे बघत होते. महिनाभरात आणखी पाच जणांनी गन घेतल्या.

मामा हे सगळं नळापाशी उभे राहून बघत होते. मामा म्हणजे आमच्या इमारतीतल्या गाड्या धुणारे. बावीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या डायरेक्टरची गाडी चालवली. डोळे अधू झाले तेव्हा स्टिअरिंग सोडलं आणि बादली धरली. एक बादली साबणाची, एक नुसत्या पाण्याची, चाकांसाठी फडकं वेगळं. गाडी धुऊन झाली की डोळ्यांवर भरवसा नसल्यामुळे ते हाताची मागची बाजू बॉनेटवरून फिरवत. एक कण जरी लागला तरी पुन्हा धूत. त्यांच्याकडे चौदा गाड्या होत्या. माझ्यासकट सहा गेल्या, आठ उरल्या.

घोटाळा इथेच होता. सोसायटीचा नळ आणि जिन्याखालची खोली वापरायची तर किमान दहा गाड्या हव्यात, असा नियम होता. नियम चोख होता. मीच केला होता. खजिनदार या नात्याने नोटीसही मीच द्यायची होती: महिनाअखेरपासून नळ बंद. नळ बंद म्हणजे मामांचं काम बंद, हे नोटिशीत लिहिण्याची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी गाडी धुता धुता नोटीस देऊन टाकावी, म्हणजे एका खेपेत दोन कामं होतील, असा विचार केला. गाडीवर फेस मारला आणि लक्षात आलं, नोटीस वरच राहिली. वर गेलो. तिच्यावर जावक क्रमांक टाकायचा राहिला होता, तो टाकला. फाइलसाठी नक्कल काढली. खाली येतो तर उन्हात फेस वाळून गाडीभर पांढरे ओघळ उमटलेले. मी घाईघाईने कोरडं फडकं घेऊन घासायला लागलो.

"अहो साहेब! हात काढा आधी!" मामा बादली घेऊन धावत आले. "खाली माती आहे, ती घासताय तुम्ही!"

"मामा, हे तुमच्यासाठी," मी नोटीस पुढे केली.

"आधी गाडी भिजवू द्या. कागद वाळलेला चालतो, फेस चालत नाही."

आम्ही गाडी सावलीत ढकलली. पाऊण तासात ओघळ गेले. मी घासलं होतं तिथे बारीक गोल ओरखडे राहिले, ते आजही आहेत. मग हात पुसून मामांनी नोटीस डोळ्यांजवळ धरली आणि दोनदा वाचली.

"दहा गाड्या हव्यात?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

मी बाटलीचं झाकण घट्ट करत राहिलो.

"फेसानं घाण निघत नाही, साहेब," मामा म्हणाले. "फेस घाणीची नुसती चौकशी करतो. काढायची हातानंच. पण लोकांना फेस आवडतो ना? मग ही बंदूक मला विका."

दहा टक्के घसारा धरून मी एकोणीसशे सव्वीस सांगितले. मामांनी डाग काढल्याचे दोनशे त्यातून वळते केले. सोळाशे रोख मोजून दिले, बाकीचे मागाहून.

दुसऱ्या दिवसापासून ते आधी फेस मारत आणि मग गाडी पूर्वीसारखीच दोन बादल्यांनी धूत. पहिल्या भागाला सगळी गॅलरी भरायची. गनवाल्या पाचही शेजाऱ्यांच्या गाड्यांवर कुठे ना कुठे ओघळ होतेच. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. एकेक जण मामांना बाजूला घेऊन हळूच विचारू लागला.

महिनाअखेरीस मी वहीत गाड्या मोजल्या. चौदा भरल्या, चौदावी माझी. नोटीस रद्द केल्याची नोंद केली. फोम वॉशचे महिना पन्नास रुपये जास्त पडतात, तेही माझ्याच गनचे.

त्या गनचे एकशे सव्वीस रुपये मामांकडून अजून येणे आहेत.