डिकीतली परात

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. बॉथेल, नदीकाठच्या ट्रेलचं पार्किंग. थंडी आहे, पाऊस नाही.
हजर: मी, माझा नवरा, नागपूरचं जोडपं, वहिनी.
गैरहजर: दादा. कारण: कॉल आहे.

"शनिवारी कसला कॉल?" नागपूरकर म्हणाले. "तिकडे भारतात शनिवारची रात्र होऊन राहिली. कोण बोलतंय यांच्याशी?"

वहिनी दादांच्या पत्नी. त्यांनी खाली वाकून बुटाची नीट बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

ही हजेरी मी फोनमध्ये ठेवते. बायोटेक कंपनीत कागदपत्रं तपासण्याची माझी नोकरी आहे. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं आमच्याकडे धरतात, आणि ती सवय घरीही येते. दर शनिवारी आम्ही तीन जोडपी तासभर चालतो आणि मग पाळीने एकेकाच्या घरी नाश्ता करतो. पाळ्या मी लावते.

आमच्यातला प्रत्येकजण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहे. सगळ्यांची कामं बैठी, सगळ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे लाल अक्षरं. आठवडाभर सकाळी धड कुणीच खात नाही. मी सिग्नलला थांबल्यावर प्रोटीन बार चावते. माझा नवरा दुपारपर्यंत कॉफीवर चालतो. भारतातल्या टीमशी बोलायचं तर पहाटेपासून मीटिंग असतात, त्यामुळे दादांचा नाश्ता म्हणजे म्यूट करून बुडवलेले दोन टोस्ट. आणि मग शनिवारी मिसळ, वडे, थालीपीठ. चालून जे उतरवलं ते ताटातून परत चढतं, हे आम्हाला कळत होतं. पण तो एकच नाश्ता आम्ही बसून, गप्पा मारत, दुसऱ्याने वाढलेला खायचो. तो सोडायची कुणाची तयारी नव्हती.

दादा आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच दादा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सामान उतरवायच्या आधी ते डबा घेऊन दारात उभे होते. थालीपीठ त्यांची खासियत. भाजणी स्वतः भाजायची, पुण्याहून सूटकेसमध्ये आणलेल्या पितळी परातीत मळायची. आणि आग्रह असा की उलथनं घेऊन पाठीशी उभे. नाही म्हणणाऱ्याच्या पानात एकाऐवजी दोन पडायची.

एप्रिलमध्ये त्यांची पाळी होती. त्या दिवशी ते चालायला आले नाहीत, थालीपिठं गरम हवीत म्हणून घरी थांबले, आणि वहिनीही मदतीला थांबल्या. आम्ही चालून पोचलो तर दारात ॲम्ब्युलन्स. दादांना स्ट्रेचरवरून आत घेत होते आणि त्यांच्या बोटांना पीठ होतं. वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या, माझा नवरा गाडी घेऊन मागोमाग. मी मागे राहिले. कुणीतरी शेगडी बंद करायला हवी होती. तवा तापून धूर निघत होता. परातीत कांदा-कोथिंबीर घालून मळलेली भाजणी, वर ओलं फडकं. ते पीठ वहिनींना परत आल्यावर आंबलेलं दिसायला नको, म्हणून परात घरी नेली, पीठ टाकून दिलं, परात घासली आणि परत द्यायला माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली.

दादा स्टेंट घालून घरी आले. परात डिकीतच राहिली.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. त्यानंतरचा पहिला नाश्ता आमच्याकडे होता. मी नेहमीप्रमाणे सगळं आखलं. आमच्यासाठी बटाटेपोहे आणि वर शेव. दादांसाठी बिनतेलाची मुगाची धिरडी, वेगळ्या बशीत, वेगळ्या चमच्याने. वर्षानुवर्षं आपल्याकडे आजाऱ्याचं पथ्य असंच सांभाळतात. मग सुरू झालं.

"दादा, हे चालतं का तुम्हाला?"

"दादा, चटणीत मीठ आहे हां."

"दादा, तुमचं ते तिकडे, वेगळं ठेवलंय."

नागपूरकर बिचारे दादांसमोर खायला नको म्हणून स्वतःचे पोहे घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभे राहून खाऊन आले. दादांनी अर्धं धिरडं खाल्लं, "छान झालंय" म्हणाले आणि बशी स्वतः विसळून ठेवली. आमच्याकडे त्यांनी कधी बशी विसळली नव्हती. पुढच्या शनिवारी चालले आणि नाश्त्याआधी घरी गेले, कॉल होता म्हणून. त्यानंतर चालायलाही येईनासे झाले.

तर त्या ऑक्टोबरच्या शनिवारी ट्रेलवर वहिनी मुद्दाम मागे राहिल्या. मीही राहिले.

"हे चिडत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "चिडले असते तर बरं झालं असतं. मी सातच्या आत निघते. ओट्स भिजवून ठेवून जाते. संध्याकाळी येते तर बाउल तसाच फ्रीजमध्ये. दुपारपर्यंत पोटात काही नाही, नुसता चहा. डायटिशियनने इतकं बजावलं, सकाळी बसून खा, वेळेवर खा. मला 'हो' म्हणतात. सगळ्याला 'हो'च म्हणतात."

थोडं चालल्यावर म्हणाल्या, "त्या थालीपिठांनीच केलं असं वाटतं मला कधी कधी."

"वहिनी, त्यांनी त्या दिवशी थालीपीठ खाल्लंही नव्हतं."

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "तरी."

दादांचं घर माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. सोमवारी सकाळी मी दोन डबे घेऊन बेल वाजवली. दादांनी दार उघडलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, गळ्यात हेडफोन.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. नाश्ता करायला आले."

"हिने पाठवलं का तपासायला?"

"नाही हो. मी रोज सिग्नलला खाते. म्हटलं एक दिवस खुर्चीवर बसून खावं."

हे खरंच होतं, त्यामुळे पटकन बोलता आलं. त्यांनी कॅमेरा बंद केला, टीमला दहा मिनिटांत येतो असं सांगितलं आणि टेबलावरची वायर बाजूला सरकवली. दोन्ही डब्यांत उपमा होता, मटार-गाजर भरपूर, तेल बेताचं. मी काही विचारलं नाही, खायला लागले. त्यांनी आधी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं, मग स्वतःच्या.

"तुझ्यात तूप घातलंयस?"

"नाही."

"का?"

"मला कोलेस्टेरॉल आहे, दादा."

"तुला? कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

ते हसले. एप्रिलनंतर मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. मग डबा पुढे ओढला आणि खायला लागले. निम्मा संपल्यावर चमचाभर उपमा उचलून माझ्या झाकणावर ठेवला.

"घे. सिग्नलला ते काय खातेस, पुठ्ठा चावल्यासारखं."

"बास, दादा."

"बास काय? दिवसभर ऑफिसात काय बारच खाणार?" आणि अजून एक चमचा.

मी तो उपमा खाल्ला. भूक नव्हती, पण खाल्ला. ऑफिसला जाताना लक्षात आलं की आपण सगळ्यांनी मिळून त्यांचं मीठ-तेल काढलं ते ठीक, पण वाढणंही काढून घेतलं. या माणसाच्या ताटापेक्षा याचं उलथनं महत्त्वाचं होतं.

बुधवारी पुन्हा गेले. गुरुवारी रात्री त्यांचा मेसेज आला: उद्या येणार असशील तर काही आणू नकोस. शुक्रवारी त्यांनी स्वतः मुगाची धिरडी केली होती. मी बसले होते आणि दादा पाठीशी उलथनं घेऊन उभे होते.

"नाही म्हणू नकोस. तेल नाहीये यात."

"चवही नाहीये."

"मग चटणी घे की. नावं ठेवायला आलीस का खायला?"

त्या दिवशी त्यांनीही बसून खाल्लं. वहिनींना मी फक्त रिकाम्या तव्याचा फोटो पाठवला. त्यांच्याकडून नुसते जोडलेले हात आले.

मग मी ग्रुपला नवा नियम कळवला. सगळ्यांना एकच पदार्थ, एकसारखी ताटं. 'चालतं का' असं कुणी कुणाला विचारायचं नाही.

लगेच नागपूरकरांचा फोन. "म्हणजे तर्री बंद का?"

"तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्याची त्याने घ्यायची."

"अन् दादांनी घेतली तर?"

"तर घेतली. त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना ते पाठ आहे. लहान मूल आहेत का ते?"

त्या शनिवारी नागपूरकरांकडे मटकीची उसळ होती, कमी तेलाची, वर कच्चा कांदा आणि लिंबू. दादा चालायला आले आणि नाश्त्यालाही आले. तर्रीचं भांडं फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलं. आम्ही सगळे आपापल्या ताटात इतके बघत होतो की टेबलावर आवाजच थांबला. दादांनी भांडं हातात घेतलं, वास घेतला आणि माझ्या नवऱ्याकडे सरकवलं.

"अरे, श्वास घ्या रे," ते म्हणाले.

नागपूरकर इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर चहा आला. दादांनी कप खाली ठेवत विचारलं, "पुढची पाळी कुणाची?"

मी फोन उघडला. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "माझी राहिली आहे. एप्रिलची."

वहिनी दुसऱ्या फेरीचा चहा गाळत होत्या. गाळणं हातात तसंच राहिलं. मग त्या भांडं उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि निघायची वेळ होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

निघताना दादा माझ्या गाडीपाशी आले. "माझी परात तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. डिकीत."

"दे मग."

मी डिकीवर हात ठेवला होता. पलीकडे त्यांच्या गाडीत वहिनी पट्टा लावून बसल्या होत्या, समोर बघत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"आज नको," मी म्हटलं. "आधी वहिनींशी बोलते."

"मी विचारलं तर ती नाही म्हणेल."

"म्हणूनच मी विचारते."

दादांनी मान डोलावली. मग जाता जाता वळून म्हणाले, "लवकर विचार. भाजणी करायला वेळ लागतो."

त्यांच्या नाश्त्याची सोय आता लागली आहे. मी नसेन त्या दिवशी माझा नवरा जातो. त्यालाही आग्रह होतो, आणि त्याची सकाळची एक कॉफी कमी झाली आहे. पाळ्यांच्या तक्त्यात पुढच्या महिन्यातला एक शनिवार मी मोकळा ठेवला आहे. परात वळणावर आवाज करायची, म्हणून ती जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली.

वहिनींशी बोलायचं आहे. टेबलावर नको, फोनवर नको, ट्रेलवर मागे राहून. दोनदा आम्ही दोघी मागे राहिलो आणि दोन्ही वेळा नुसतं पानगळीवर बोलून परत आलो.