पिचर विल्मर यांना कायम ठेवण्याबाबत

विषय: श्री. विल्मर, डावखुरे पिचर (बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारे), यांना पुढच्या मोसमासाठी संघात कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) संघाच्या ऑफिसने नोव्हेंबरमध्ये लावलेली यादी. २) तिच्यावरून आमच्या घरात झालेली आरडाओरड.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत एकतीस वर्षं कारकुनी केली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो आणि हल्ली अमेरिकेत बॉथेलला मुलीकडे राहतो. आमच्या शाखेत 'ड' वर्गाच्या फायली असत. वर्षभराने नष्ट करायच्या, असा नियम. कोणी करत नसे. कपाट उघडलं की त्या अंगावर पडत. या बेसबॉल टीमचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. टीमचं नाव सांगत नाही, कारण अर्ज अजून निकालात निघालेला नाही.

टीम छोटी. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या संघांशी तिचा संबंध नाही. तिथे पोचू पाहणारी आणि तिथून खाली घसरलेली पोरं इथे खेळतात. पगारात खोली परवडत नाही, म्हणून आसपासची घरं एकेक खेळाडू मोसमभर ठेवून घेतात. माझी नात रिया शाळेत स्पॅनिश शिकते. तिने कोणाला न विचारता आमच्या बेसमेंटची खोली कळवून टाकली. "मॉम, इट्स गुड फॉर माय स्पॅनिश." मुग्धा, म्हणजे माझी मुलगी, दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिसऱ्याच दिवशी, मे महिन्यात, डॉमिनिकन रिपब्लिकचा विल्मर दारात उभा राहिला. दाराएवढाच उंच. मुग्धाने त्याला वरण-भात वाढला. त्याने तो तीनदा घेतला आणि रियातर्फे कळवलं की त्याची आजीही असंच करते, फक्त डाळीऐवजी राजमा घालते. त्या दिवसापासून रियाबरोबर तोही मला आबा म्हणायला लागला आणि मुग्धा रियाशी बोलायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी त्याने टीमच्या ऑफिसचा सहा पानी फॉर्म डायनिंग टेबलावर ठेवला. त्याचं इंग्रजी बेताचं. रियाचं अक्षर तिचं तिलाच लागत नाही. फॉर्म म्हटल्यावर मी पेन काढलं. विल्मर सांगत गेला, रिया इंग्रजी करत गेली, मी भरत गेलो. जन्मतारीख, उंची, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या हाताने फटकावतो. एकही रकाना कोरा सोडला नाही. कोऱ्या रकान्यात पुढे कोण काय लिहील याचा भरवसा नसतो. जिथे सांगण्यासारखं काही नव्हतं तिथे 'निल' लिहिलं. पूर्वीचे आजार, निल. टोपणनाव, निल.

पहिल्या सामन्यात विल्मर चेंडू फेकायला आला आणि लाउडस्पीकर गरजला, "नाऊ पिचिंग, विल्मर, द निल!"

शेजारी डॉक्टर सरदेशपांडे बसले होते. मूळ नागपूरचे, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, आता निवृत्त. बेसबॉल मला त्यांनीच शिकवला. ते म्हणाले, "अष्टेकर, हे काय नाव ठेवलंत पोराचं?"

"मी नाही ठेवलं. फॉर्मने ठेवलं."

"पिचरला वाईट नाही. समोरच्यांच्या धावा निल."

मोसमभर लोक त्याला 'निल' म्हणून ओरडत होते. मला मात्र त्या ऑफिसचं कौतुक वाटलं. फॉर्ममध्ये जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवलं. आमच्याकडे फॉर्म वाचत कोण होतं?

हे कौतुक दोन महिने टिकलं.

*

जुलैत टीमने आपला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवणारा, दुसऱ्या टीमला दिला. बावीस वर्षांचा मुलगा, टेक्सासचा, पळायला हरणासारखा. त्याची आई दोन दिवस गाडी चालवत त्याचा खेळ बघायला आली होती. ती पोचली त्या दुपारी तो दुसऱ्या गावच्या बसमध्ये बसला होता.

बदल्यात कोण आला? कोणी नाही. आलं ते गवत कापायचं मशीन.

टीमचा जनरल मॅनेजर ब्रॅड. तिकिटं, खेळाडू, पार्किंग, सगळं तोच बघतो. डॉक्टरांनी त्याला कुंपणापाशी गाठून विचारलं, "ब्रॅड, माणसाच्या बदल्यात मशीन घेतलंस?"

ब्रॅडला प्रश्नाचा रोख कळलाच नाही. तो म्हणाला, "डॉक, मशीनला तीन वर्षांची वॉरंटी आहे."

शॉर्टस्टॉपच्या आईला डॉक्टरांनी घरी नेऊन जेवू घातलं. आमच्याकडेही बदल्या होत. पण बदलीच्या आदेशावर निदान माणसाचं नाव असे.

*

सप्टेंबरात मोसम संपला. त्यानंतर प्रत्येक खेळाडूला बोलावून त्याचं पुढे काय, ते सांगायची पद्धत आहे. ब्रॅडचं ऑफिस त्या दिवशी कोणाच्या तरी मुलाच्या बर्थडे पार्टीला भाड्याने दिलं होतं. म्हणून ही कामं हॉटडॉगच्या काउंटरवर उरकली. आत ब्रॅड, बाहेर पोरांची रांग.

मी विल्मरला न्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. एक कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, पुढे झाला. पाच वर्षं या टीमकडून खेळलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. ब्रॅड त्याला म्हणाला, "थँक्स फॉर एव्हरीथिंग, मॅन." आणि हात मिळवला. कॅचर तसाच उभा राहिला. त्याला वाटलं पुढे काहीतरी वाक्य येईल.

"नेक्स्ट," ब्रॅड म्हणाला.

मागच्या पोराला वाटलं काउंटर उघडलाय. त्याने हॉटडॉग मागितला. तोच एकटा काहीतरी घेऊन परतला.

विल्मरला ब्रॅडने सांगितलं, "यू आर इन अवर प्लॅन्स." बॅटिंग करणारे त्याच्यापुढे चाचपडत होते, हे ब्रॅडनेही पाहिलं होतं. विल्मर गाडीत बसला आणि घरापर्यंत गाणं म्हणत आला. पुढच्या आठवड्यात तो मायदेशी गेला. इथला व्हिसा टीमच्या करारावर चालतो. करार झाला तर मे महिन्यात परत, नाही तर काकाच्या टायरच्या दुकानात. बॅग भरताना त्याने आपला दुसरा ग्लोव्ह खोलीतच ठेवला. "आबा, मे," एवढंच म्हणाला.

*

ऑक्टोबरात टीमने एक चकचकीत पत्रक घरोघरी पाठवलं. मथळा: 'आमचे तरुण, आमचं भविष्य'. खाली पाच हसरे चेहरे. पुढच्या वर्षी संघ या पोरांभोवती बांधणार आहोत, चाहत्यांनी सीझन तिकिटं आताच काढावीत, वगैरे.

डॉक्टरांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. चेहऱ्यांवर एकेक बोट ठेवत म्हणाले, "हा काढला. हा काढला. हा शॉर्टस्टॉप, याचं मशीन झालं. हा आपला विल्मर. आणि हा पाचवा कोण हो? खेळताना कधी पाहिला नाही."

पाचवा मुलगा सामन्यात अस्वलाचा पोशाख घालून नाचायचा. छपाईसाठी एक चेहरा कमी पडत होता.

*

नोव्हेंबरात यादी लागली. विल्मरचं नाव नव्हतं. कारणाच्या जागी एकच शब्द होता, 'सीनियर'.

या लीगचा नियम असा: पुढच्या एक सप्टेंबरच्या आत ज्याची पंचवीस वर्षं पूर्ण होतात तो सीनियर. असे फक्त पाच जण ठेवता येतात, बाकीचे तरुणच हवेत. पाच जागा पाच जुन्या फटकेबाजांनी अडवलेल्या. त्यांतला एक टीमच्या मालकाबरोबर मासे पकडायला जातो.

मी संतापलो. आयुष्यभर ज्येष्ठता यादी केली मी. ज्येष्ठ माणसाला आधी बढती, आधी क्वार्टर, टेबलही खिडकीजवळचं. आणि इथे वय झालं म्हणून माणूस बाहेर, तोही पंचविशीत! त्या वयात आमच्याकडे लोकांना नोकरी लागलेली नसे.

मुग्धा म्हणाली, "बाबा, जेवताना नको ना. बीपी वाढेल."

"वाढू दे. मीही सीनियर आहे."

विल्मरला फोनवर कोणी काय सांगायचं, यावरून तीन दिवस गेले. शेवटी रियाने सांगितलं. मग तो तिला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, "काय म्हणतोय?"

"ही सेज, आबाला सांग, ग्लोव्ह फेकू नका."

*

तीन डिसेंबरला विल्मरचा वाढदिवस. रियाने व्हिडिओ कॉल लावला, मुग्धाने फोनसमोर शिऱ्याची वाटी धरली. मी विचारलं, "किती झाले?"

"ट्वेंटी-फोर, आबा."

मी बोटांवर हिशोब केला. आज चोविसावं संपलं तर पंचविसावं पुढच्या डिसेंबरात संपणार. एक सप्टेंबर त्याच्या तीन महिने आधी येतो. मग हा सीनियर कुठून झाला?

पहिली शंका आली ती मासे पकडणाऱ्याची. जागा कोणासाठी तरी केली, दुसरं काय. कागदावर खाडाखोड केल्याशिवाय हे होत नाही. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "निघा, गाडी काढतो."

ट्रॅफिकमध्ये तासभर गेला. वाटेत मी त्यांना आमच्या शाखेतली पद्धत सांगितली. जन्मतारीख ही सर्व्हिस बुकातली सगळ्यात पवित्र नोंद. ती दुरुस्त करायचे अर्ज यायचे, आणि नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांनंतर आलेला एकही अर्ज मी पुढे जाऊ दिला नाही. शिंदे नावाचा ड्रायव्हर होता. गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजाने एक जून लिहिलेली. निवृत्ती जवळ आल्यावर तो दवाखान्याचा दाखला घेऊन आला. मी शेरा मारला, 'मुदतबाह्य. नियमात बसत नाही.' दीड वर्ष आधी घरी गेला.

डॉक्टर गाडी चालवत होते. त्यांनी विचारलं, "खरी तारीख कोणती होती त्याची?"

"ते आम्ही बघत नसू."

त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

ऑफिसात ब्रॅड तारेवरचे दिवे गुंडाळत बसला होता. मी उभ्यानेच सुरुवात केली. कोणी बदलली तारीख? कोणाच्या सांगण्यावरून? मूळ कागद दाखव. ज्या आवाजाने तालुक्याची माणसं हललेली मी पाहिली आहेत, तो आवाज काढला. इंग्रजीत तो तितकासा निघत नाही, पण डॉक्टर मागे उभे होते.

ब्रॅड शांतपणे कॉम्प्युटरकडे वळला. "मार्च ट्वेल्व्थ," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये आहे तेच चढवलंय."

"फॉर्म दाखव."

त्याने कपाटातून फाईल काढली. पासपोर्टची प्रत तीत नव्हती. ती व्हिसाच्या वकिलाकडे. फक्त सहा पानी फॉर्म होता. निळी शाई. खाडाखोड नाही. रकाना भरलेला, ०३/१२ आणि पुढे साल. शून्याला शेपटी नाही, तीनला वर सपाट रेघ. मी तीन तसाच काढतो.

डॉक्टरांनी कागद पाहिला. ते हळूच मराठीत म्हणाले, "अष्टेकर, इथे महिना आधी लिहितात."

"माहीत आहे मला."

"हो. सगळ्यांनाच माहीत असतं."

ब्रॅड फॉर्मकडे कौतुकाने बघत होता. "ब्यूटिफुल हँडरायटिंग," तो म्हणाला. "कोणी भरलाय?"

*

यादी बंद झाली असली तरी चूक दाखवून दिल्यास लीगचं ऑफिस विचार करू शकतं, असं ब्रॅडने सांगितलं. त्यासाठी ज्याने फॉर्म भरला त्याचाच अर्ज लागतो. त्याचाही एक छापील फॉर्म आहे, दोन पानी. मी तो तिथेच बसून भरला. पासपोर्टची प्रत वकिलाकडून मागवून जोडली. 'उशिराचं कारण' या रकान्यात 'निल' लिहिलं नाही. जे झालं ते लिहिलं आणि खाली सही केली. तारीख टाकताना महिना आधी टाकला.

लीगच्या ऑफिसकडून पोच आली आहे. मुदतीनंतर आलेल्या अर्जांवर काय करायचं ते तिथला एक कारकून ठरवतो, असं कळतं. त्याचं नाव कळलेलं नाही.

विल्मर दर रविवारी फोन करतो. रोज सकाळी टायरच्या दुकानामागच्या भिंतीवर चेंडू फेकतो, असं सांगतो. शेवटी विचारतो, "आबा, काय म्हणतात?"

अर्ज विचाराधीन आहे.