बिनकव्हरची दहावी

किशनला आमच्या गोडाऊनमध्ये सगळे 'फाडू' म्हणायचे. कामच तसं होतं त्याचं. भिवंडीजवळ वडप्याला हायवेलगत पत्र्याची गोडाऊनं उभी आहेत, त्यातल्या एकात पुस्तकांचा माल यायचा. दुकानात खपली नाहीत ती पुस्तकं परत येतात आणि लगद्याला जातात. पण त्याआधी प्रत्येक पुस्तकाचं कव्हर आणि पहिली दोन पानं फाडायची, म्हणजे मधल्यामध्ये कुणी ती उचलून परत बाजारात विकायला नको. पाच वर्षं किशन सकाळी सात ते दुपारी तीन एका टेबलाशी उभा राहून हेच करत होता. डाव्या हाताने पुस्तक दाबायचं, उजव्याने खर्रकन ओढायचं. गडी अंगठाबहाद्दर. आकडे तेवढे ओळखायचा, तेही गठ्ठ्यांवरचे बघून बघून.

मी केसरीनाथ, त्याच गोडाऊनच्या गेटवरचा वॉचमन. बारावी नापास, म्हणजे तिथल्या मानाने पंडितच की! कुणाचा फॉर्म भर, कुणाच्या आधार कार्डाचं बघ, सगळे माझ्याकडे यायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

किशनचा पाडा मागच्या डोंगराच्या पायथ्याला, अर्ध्या तासाच्या चालीवर. घरात बायको मंगळी आणि एकुलती एक पोरगी, जागृती. पोरगी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकली. मग मंगळी भाताच्या भाऱ्यासकट बांधावरून पडली, तिची कंबर गेली, आणि पोरगी घरी आली ती आलीच. दोन वर्षं तिने पाणी भरलं, चूल सांभाळली. एक दिवस बापाला म्हणाली, मला बाहेरून दहावीला बसायचंय. पास झाले तर आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन होणार. पाड्यावर लाईट गेली की चार-चार दिवस कुणी फिरकत नसे, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. बापाने हे मला गेटवर येऊन सांगितलं तेव्हा त्याची छाती वीतभर पुढे आली होती.

"केसरीनाथभाऊ, फाडलेलं पुस्तक घरी नेलं तं चालंल का?"

"ने रे बाबा. नाहीतरी लगदाच व्हायचाय त्याचा. विषयाचं एकेक ने, पिशवीत घाल, मी बघून न बघितल्यासारखं करतो."

आता योग बघा. त्याच वर्षी जूनपासून दहावीच्या गाईडांचे ट्रकच्या ट्रक यायला लागले. कोरी करकरीत, शाईचा वास मारणारी, कुणी पानही उलटलेलं नाही. एरवी मळकी, भिजलेली पुस्तकं यायची. सुपरवायझर ओरडायचा, "फाडू, हात चला! शाम तक माल खाली मांगता." आणि किशन फाडता फाडता हसायचा. मला म्हणाला, "भाऊ, हिरवादेव पावला. पोरीनं दहावी म्हटली आनि दहावीच दारात आली." मी मान डोलावली. एवढा नवा माल लगद्याला का चाललाय, हा प्रश्न माझ्या टाळक्यात एकदाही आला नाही.

किशन चित्रं बघून विषय निवडायचा. कर्कटक दिसलं की गणित, काचेची नळी दिसली की विज्ञान, नकाशा दिसला की भूगोल. महिनाभरात संच पुरा झाला. मग त्याने टेबल केलं. दोन भक्कम खोक्यांवर फुटकी फळी टाकली आणि माल बांधायच्या हिरव्या पट्टीने आवळली. वापरून झालेल्या पॅकिंगच्या चिठ्ठ्या मागून कोऱ्या असतात, त्या गोळा करून खिळ्याने भोकं पाडली आणि वह्या शिवल्या. अशा अकरा वह्या. जागृतीने त्या सगळ्या भरल्या.

त्यांचा अभ्यासही वेगळाच. किशन चार वाजेतो घरी पोचायचा, चहा घ्यायचा आणि पोरीसमोर पुस्तक धरून बसायचा. तिने आधी पान वाचायचं, मग पुस्तक बापाच्या हातात देऊन तोंडपाठ म्हणायचं. याला अक्षर कळत नव्हतं, मग तपासणार काय? पण तो तिचा आवाज धरून बसायचा. जरा अडखळली की म्हणायचा, "थांबलीस. परत." पोरगी परत पहिल्यापासून. दिवस मावळेपर्यंत हे चालायचं, एक दिवस खाडा नाही. मी दोन-तीनदा गेलो, ऐकलं, "वा रे वा, पोरगी बोर्डात येणार" म्हणालो आणि कोरा चहा पिऊन आलो. हात पुढे करून पुस्तक बघावं एवढं झालं नाही माझ्याच्याने. फॉर्म भरायला ती शाळेत गेली तर तिथल्या कारकुनाने कागद घेतले, पावती दिली आणि पुढचीला बोलावलं. पाड्यावर त्या वर्षी दहावीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुणाचं पुस्तक शेजारी ठेवून बघायचाही प्रश्न आला नाही. फेब्रुवारीत कुठलंही पान काढा, पोरगी कुठे थांबत नव्हती.

मार्चमध्ये मराठीचा पेपर आला. किशन ड्युटी बुडवून भिवंडीला शाळेबाहेर कट्ट्यावर बसला. आत काय झालं ते मला नंतर जागृतीने सांगितलं. तिने पेपर बघितला, उलटा केला, परत बघितला. मग हात वर करून उभी राहिली.

"बाई, ह्यो पेपर माझा न्हाय. दुसऱ्या कुणाचा आलाय."

"दहावीचाच आहे ना? मग खाली बस. बाहेरून बसतात आणि वर तोंड करून बोलतात."

वर्ग हसला. पोरगी बसली, आणि जे पाठ होतं ते लिहून आली. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर, काही संबंध नाही.

किशन संध्याकाळी माझ्याकडे आला. "भाऊ, पोरीला पेपर चुकीचा दिला. कुनाला सांगायचं?" मी म्हटलं, बघतो. घरी गेलो तर परीक्षेपुरती आमच्याकडे राहायला आलेली भाची वैशाली अभ्यास करत बसलेली, तीही दहावीलाच होती. तिचं मराठीचं पुस्तक मागितलं आणि अनुक्रमणिका काढली. जागृतीच्या तोंडून ऐकलेला एक धडा त्यात असेल तर शपथ!

"मामा, यंदा दहावीची सगळी पुस्तकं बदललीत ना," वैशाली म्हणाली. "जुनी कोण वाचतं आता?"

म्हणून ट्रक येत होते. देव पावला नव्हता, माल रद्द झाला होता. दुसऱ्या दिवशी गेटवरची, मालासोबत येणाऱ्या चलनांची फाईल काढली. प्रत्येक चलनावर छापलेलं होतं: दहावी, जुना अभ्यासक्रम, नष्ट करणे. प्रत्येकावर माझा शिक्का, माझी सही. मी गाडीचा नंबर वाचायचो, गठ्ठे वाचायचो आणि शिक्का हाणायचो. आग लागो त्या शिक्क्याला!

अजून पाच विषयांचे पेपर बाकी होते. त्याच दिवशी भिवंडीला जाऊन नवी पुस्तकं आणली असती तर एक-दोन विषय तरी निघाले असते. मी नाही आणली. पोरीचा धीर सुटेल, असं मनाला सांगितलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. खरं कारण वेगळंच होतं. किशनसमोर माझं पंडितपण उघडं पडलं असतं. नालायक माणूस आहे मी, दुसरं काय.

जूनमध्ये निकाल लागला. पोरगी हिंदीत तेवढी पास. भिवंडीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या कुणालाही हिंदी येतेच, तिला गाईड लागत नाही. मग मात्र मला राहवलं नाही. बाजारात गेलो, नव्या पुस्तकांचा पुरा संच घेतला आणि पाड्यावर गेलो. बैल गेला अन् झोपा केला. ओट्यावर तिघंही होती. मी सगळं सांगितलं, चलनाचं, शिक्क्याचं, आणि मार्चमध्ये कळूनही गप्प बसलो तेही.

किशनने एवढंच विचारलं, "जुनं हाय, असं त्या फाडलेल्या पानावर लिवलेलं व्हतं?"

"त्या पानावर साल असतं. वाचणाऱ्याला कळलं असतं."

तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसला. "म्हंजे माझ्याच हातानं," म्हणाला. तुझ्या हाताने नाही रे, हे मी म्हणायला हवं होतं.

मंगळी भिंतीला टेकून बसली होती. ती मात्र बोलली. "तुमाला वाचता येतं तं तुमी न वाचता शिक्का मारता. माझ्या पोरीनं तं समदं वाचलं व्हतं."

मी मान खाली घालून पुस्तकं जागृतीच्या पुढे सरकवली. म्हटलं, "पोरी, जुलैत फेरपरीक्षा आहे. फॉर्म मी भरतो, या आठवड्यात शेवटची तारीख आहे."

तिने वरचं पुस्तक घेतलं. कव्हरवरून हात फिरवला, पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या. मग मिटून माझ्याकडे परत दिलं.

"काका, नको. पान उघडलं की जुनंच तोंडात येतंय. वर्षभर बापाने मला कुठे थांबू दिलं न्हाय. ते आधी विसरायला पायजे, आन् ते विसरतच न्हाय."