समोरच्या फ्लॅटमधले डोळे

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणाकडे काय चाललंय ते लोक वॉचमनला नाही, मला विचारतात. मी दार उघडं ठेवून भाजी निवडते. मग फ्रिजवर प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे किस्से साठत जातात. समोरच्या रेवतीचे मात्र कुणाला सांगितले नव्हते.

*

रेवती लॅबमध्ये माश्या पाळते. पिकल्या केळ्यावर जमतात ना, त्या बारक्या. नवीन राहायला आली तेव्हा मी काळी पडलेली केळी टाकायला निघाले होते, तर म्हणाली, "काकू, मला द्या ना." मला वाटलं, पोरीची ओढाताण चाललीये. वर डबाभर शिरा दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, केळी माश्यांनी खाल्ली, शिरा या नवरा-बायकोनं. माश्यांसाठी ती मक्याचं पीठ आणि गूळ शिजवते म्हणे. आणि घरी पोळ्यांना बाई!

*

तिचा नवरा नीलेश लिफ्टमध्येसुद्धा काळा चष्मा लावायचा. मला वाटायचं, स्टाइल. एकदा लिफ्ट अडकली, आत आम्ही दोघंच. घाम पुसायला त्यानं चष्मा काढला. डोळ्यांत तपकिरी कडंच नाही. नुसती मोठी काळी बाहुली. मी देवीचं नाव घेतलं.

तो म्हणाला, "घाबरू नका काकू. मला त्रास उजेडाचा होतो, तुमचा नाही."

*

रेवतीला विचारलंच. म्हणाली, माशीत एक जीन डोळा बनवतो, त्याचाच भाऊबंद माणसात असतो. नीलेशचा बिघडलेला आहे, त्याच्या आईचाही होता. मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. माशीच्या पायावर लालभडक डोळा!

"माणसाचा जीन घातलाय हिच्यात."

"म्हणजे डोळा माणसाचा?"

"नाही, माशीचाच. जीन फक्त सांगतो, इथे डोळा कर."

"दिसतं का गं त्या पायाला?"

"ते त्या माशीलाच माहीत, काकू."

त्या रात्री मी पायांवर चादर घेऊन झोपले.

*

रेवतीला दिवस गेले. बाळाचे डोळे बापासारखे होणार की नाही, निम्मी-निम्मी शक्यता. तपासायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तिला आई नाही, म्हणून डोहाळजेवण मीच केलं. एका वाटीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तिनं वाटी उचलली, बर्फी निघाली, बायका ओरडल्या, मुलगी!

नीलेश हळूच म्हणाला, "डोळ्यांची वाटी नाही का ठेवली कुणी?"

*

मुलगीच झाली. पापण्या सुजलेल्या, डॉक्टर म्हणाले चार दिवसांनी बघू. घरी आणल्यावर सूज उतरली, तर दोघांची बघायची हिंमत होईना.

"काकू, तुम्ही सगळ्यांच्या घरात बघता," नीलेश म्हणाला. "आमच्यासाठी एवढं बघा."

मी बाळाला खिडकीशी नेलं. तिनं डोळे उघडले. चहाच्या रंगाचं कडं, अगदी गोल. उजेडात बाहुली बारीक झाली. मी सांगितलं आणि दोघंही खालीच बसून रडले.

बाळाला तेल लावायला मी आतल्या खोलीत घेतलं. ती झोपली, टोपडं पार नाकापर्यंत उतरलेलं. एक बारीक माशी आली, उजव्या पायाकडे. टेकायच्या आधीच पाय बाजूला झाला. माशी दुसरीकडून आली. पाय पुन्हा बाजूला. तिसऱ्यांदाही तसंच.

मी त्या पायात मोजा चढवला.

बाळ किंचाळून रडायला लागलं. मोजा काढला, गप्प झालं.