विमलताईंची जागा आणि माझं सर्टिफिकेट

विमलताईंना मालिशवाली म्हणणाऱ्यांनी आज हात जोडायची नाटकं करू नयेत.

सकाळपासून इस्पितळाच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर तेच चाललंय. "मसाजवाल्या ताई गेल्या. फार प्रेमळ होत्या."

मसाजवाल्या? अरे, फिजिओथेरपिस्ट होती ती बाई. नगरमध्ये हा शब्द कुणाला धड उच्चारता येत नव्हता तेव्हापासून.

बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. नगरच्या एका इस्पितळात ताई सीनियर फिजिओथेरपिस्ट, मी त्यांचा ज्युनियर, नुकताच लागलेलो. एक खोली, दोन टेबलं, मशीन एकही नाही.

खांदा आखडलेल्या बायकांना ताई घरचं जातं फिरवायला सांगायच्या.

"दळाया दानं कुठं हायेत बाई? आन् रिकामं जातं फिरवू न्हाई, घराला बरं नसतं."

"मग मूठभर कोंडा टाक. पण फिरव."

खांदे सुटायचे.

अडलं ते तिसगावच्या भागूबाईपाशी. लकव्याने उजवी बाजू गेलेली. "बाई, ह्यो पाय माजा न्हाईच," म्हणायची. ताईंनी सगळं करून पाहिलं, ती काही उभी राहीना.

तेवढ्यात मुंबईहून पत्र आलं. काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी तीन महिन्यांचा पुढचा कोर्स. आमच्या इस्पितळाला एक जागा.

ताईंनी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. "लकव्याच्या पेशंटला उभं करायच्या नव्या पद्धती आहेत यात. भागूबाई उभी राहील बघ."

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मालिश करायला कसलं डोंबलाचं उच्च शिक्षण? आणि बाई शिकून येणार, लग्न करून जाणार. हा जाईल."

हा म्हणजे मी.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कोर्सच्या फॉर्मकडे पाहिलं आणि सही केली.

मुंबईत खांद्याच्या व्यायामासाठी भिंतीवर बसवलेलं चाक दाखवलं. मला लगेच ताईंचं जातं आठवलं. लाज वाटली. पण दुपारची लेक्चर्स बुडवून सिनेमे पाहिलेच.

परत आलो त्या सकाळी ताई टेबलावर आडव्या झाल्या. "मला लकवा झालाय समज. आता उठव."

दोनदा अडलो.

"इथून पुढे काय?"

"आठवत नाही, ताई."

त्या उठून बसल्या. "माझी जागा घेतलीस ना? मग निदान डोळे उघडे ठेवून बसायचं होतंस."

त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

मी विसरलेलं त्यांनी भागूबाईबरोबर रोज खपून स्वतः शोधून काढलं. कित्येक आठवडे लागले.

एक दिवस भागूबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "बाई, हाय की वो माजा पाय."

ती चालत घरी गेली आणि इस्पितळाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, फोटो.

माझा.

सर्टिफिकेट माझ्याकडे होतं ना. मोठे डॉक्टर भाषणात म्हणाले, मुंबईच्या शिक्षणाचा हा फायदा. ताई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी शाल अंगावर नीट करून घेतली.

लग्न त्यांनी केलंच नाही. रिटायर होईपर्यंत त्याच खोलीत राबल्या. कोर्सची पत्रं पुढेही येत राहिली, ताईंना कुणी पाठवलं नाही.

त्या डॉक्टरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. सोयीचं होतं ते. "नको सर, ताईंना पाठवा," एवढं बोलायला माझी जीभ काय कुणी धरून ठेवली होती?

ग्रुपवाल्यांनो, मेसेज दुरुस्त करा. फिजिओथेरपिस्ट विमलताई गेल्या, असं लिहा.

सर्टिफिकेट आज भिंतीवरून काढलं.

ताई, श्रद्धांजली लिहायला माझा हात धजत नाही. माफी मागतो.

माफ नाही केलंत तरी तुमचंच बरोबर.