जीवाणूच्या तक्त्यातली चूक

शाळांना विज्ञानाचे तक्ते रंगवून देणारा तो पेंटर स्वतः सातवीच्या पुढे शिकला नव्हता, पण पेशीची रचना त्याच्या हातात बसली होती. दृश्यकेंद्रकी पेशी काढायला दोन दिवस जायचे. मधोमध पटलात बंदिस्त केंद्रक, भोवती तंतुकणिका, पोकळ्या, जाळी. रंगच सात लागत. जीवाणूची आदिकेंद्रकी पेशी मात्र तो अर्ध्या दिवसात उरकायचा. बाहेर भित्तिका, तिला लागून आतून पटल, मध्ये डीएनएचं मोकळं वेटोळं आणि ठिपके ठिपके रायबोसोम. केंद्रक नाहीच.

“एका खोलीचं बिऱ्हाड आहे हे,” त्याची बायको म्हणायची. पुस्तकातून नावं ती वाचायची, तो लिहायचा.

एके दिवशी दारात पडलेल्या पत्र्याची कड तिच्या पायाला लागली. जखम चिघळली, ताप चढला आणि जंतू रक्तात गेले. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “हे औषध जंतूची भित्तिका मोडतं. आपल्या पेशींना ती नसते, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. पण हा जंतू औषधच तोडून टाकतोय.”

“त्याला तर साधं केंद्रकसुद्धा नसतं हो,” पेंटर म्हणाला.

सहाव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने त्याने शाळेत दोन्ही तक्ते नेऊन दिले. विज्ञानाच्या बाईंनी जीवाणूच्या तक्त्यावर बोट ठेवलं. आत जांभळं, गोल, व्यवस्थित पटल असलेलं केंद्रक होतं.

“काका, तुमच्याकडून असं कधी होत नाही.”

तो बघतच राहिला. ते कधी काढलं, त्याला आठवेना. घरी काय झालं ते त्याने सांगितलं, तशा बाई वरमल्या. राहू द्या, छापील तक्ता मागवू, म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. घरी नेऊन केंद्रकावर पांढरा रंग दिला, तरी खालचा जांभळा दिसतच राहिला. शेवटी नवा कागद घेतला. अर्ध्या दिवसाच्या कामाला चार दिवस लागले. नावं एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून लिहिली.

बाईंनी तक्ता तपासला, बरोबर होता. पुढच्या वर्गाचे तक्ते कधी देता, असं त्यांनी विचारलं.

“आता नको,” तो म्हणाला.

सध्या तो दुकानांच्या पाट्या रंगवतो.